पाण्याचं घड्याळ

कोलोन म्हणजे आमच्याकडं एक बाटली.
लहानपणी ताप चढला की आई
युडीकोलनची पट्टी ठेवायची कपाळावर.
त्या वासाचं एक शहर असेल
आणि तिथं माझी पोर भाड्यानं राहील,
हे हरिपुरात कोण सांगणार होतं?

तिसऱ्या मजल्यावर पद्मजाचं घर. खाली ट्राम.
ट्राम थांबली की सायकलींच्या घंटा,
घंटा थांबल्या की बिअरचे पेले.
पेले थांबतच नव्हते.
अकरा नोव्हेंबरला, अकरा वाजून अकरा मिनिटांनी,
बँकेत शोभतील असली माणसं
विदूषक होऊन रस्त्यावर गायला लागली.
एका हत्तीनं मला मिठी मारली.
आत बाई होती, साठीची.
मी म्हटलं, नमस्कार.
तीही काहीतरी म्हणाली. चांगलंच असणार.

रेल्वेच्या पुलाला कुलपंच कुलपं.
प्रेमाची म्हणे. किल्ल्या नदीत.
मला आपलं वाटलं, एवढं लोखंड कठड्यावर,
भार कुणी मोजलाय का?
नोकरी सुटली तरी खोड सुटत नाही.
एकतीस वर्षं आयर्विन पुलावर
कृष्णेचं पाणी वाचलं मी.
फूट, इंच, वही, फोन.
एकोणीसच्या पुरात आकडा सत्तावन्नावर गेला
तेव्हा माझा घसा बसला होता.
अख्खी सांगली एकच प्रश्न विचारत होती.

मग ऱ्हाईनकाठी ते घड्याळ दिसलं.
मनोरा, गोल तबकडी, दोन काटे.
भर बाराला त्यात तीन वाजायला आलेले.
एवढं शिस्तीचं राष्ट्र आणि घड्याळ बंद!
पद्मजा हसली.
बाबा, ती वेळ नाही. पाणी आहे.
लहान काटा मीटर, मोठा त्याचे दहावे हिस्से.

मी तिथंच पायरीवर बसलो.
मागून गर्दी जात होती, गाणी जात होती,
कुणी वर बघत नव्हतं.
माझी नोकरी तिथं उंचावर टांगलेली,
बिनपगारी, बिनरजेची,
आणि एकाही बाईनं तिला कधी विचारलं नसेल:
दादा, भांडी माळ्यावर टाकू का?

हरिपुरात आता मार्च.
नदी चार पायऱ्या सोडून खाली गेलीय.
वारणा येऊन मिळते ती अशी,
की बाकावर कुणी सरकून जागा द्यावी.
दुपारी रस्त्यावर चिंचेची सावली
आणि त्या सावलीत एक कुत्रं.
हळदीची पेवं बरीचशी बुजली.
उरलेलं एखादं उघडलं
तर लगेच कुणी उतरत नाही.
कोंडलेली हवा जाऊ देतात,
दोरीनं कंदील सोडतात आधी.
तो विझला तर माणसानं थांबायचं.
मीही परत आल्यावर आठ दिवस
दारातच खुर्ची टाकून बसलो.
एवढ्या शांततेत एकदम उतरू नये.

रविवारी फोन येतो.
जेवला का, गोळी घेतली का, हे नंतर.
आधी ती सांगते: दोन मीटर चाळीस.
मी सांगतो: आठ फूट.
तिच्या मागं ट्राम ऐकू येते,
माझ्या मागं तिला काय ऐकू येतं
ते तिनं सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी आकडा सांगून ती गप्प झाली.
एक ट्राम गेली. दुसरी गेली.
मी विचारलं, पाणी वाढतंय का गं?
म्हणाली, नाही बाबा. तेवढंच आहे.

वहीत लिहिलं, दोन मीटर चाळीस.
तारीख टाकली.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
म्हणून कचेरीतलं जुनंच लिहिलं:
लक्ष ठेवून आहे.